मिलिमीटरची राखण: उपग्रहातून समुद्राची पातळी कशी मोजतात

जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी आज वर्षाला साधारण साडेचार मिलिमीटर वेगाने चढते आहे. १९९३च्या सुमारास हाच वेग दोन मिलिमीटरच्या आसपास होता. दोन्ही आकडे १३३६ किलोमीटर उंचीवरून मोजलेले आहेत. खाली लाटा उसळत असतात, भरती-ओहोटी चालू असते, वारा पाणी एका अंगाला लोटत असतो, आणि त्या सगळ्या खळबळीतून नखाएवढा फरक वेगळा काढायचा असतो.

उपग्रहावरचं रडार अल्टिमीटर सरळ खाली सूक्ष्मलहरींचे स्पंद पाठवतं आणि ते परत यायला किती वेळ लागला हे मोजतं. जेसन या उपग्रहमालिकेतली अल्टिमीटर सेकंदाला सुमारे २००० स्पंद पाठवत. एका स्पंदाच्या जाण्यायेण्याला ८.९ मिलिसेकंद लागतात. पाणी १ मिमीने वर आलं तर या वेळात ६.७ पिकोसेकंदांचा फरक पडतो. रडारची बँडविड्थ ३२० मेगाहर्ट्झ, म्हणजे त्याची मूळची विभेदनक्षमता (एका स्पंदातून वेगळा ओळखता येणारा अंतराचा फरक) सुमारे ४७ सेंमी. मग मिलिमीटर येतो कुठून? सरासरीतून. सेकंदभराचे स्पंद एकत्र केले की गोंगाट साधारण २ सेंमीवर येतो. तेवढ्या वेळात उपग्रहाखालचा बिंदू ५.८ किमी पुढे गेलेला असतो. ९.९१५६ दिवसांत १२७ फेऱ्या पुऱ्या करून उपग्रह पुन्हा पहिल्या वाटेवर येतो, आणि तोवर समुद्रावरची अशी पाच लाखांहून जास्त मापं जमलेली असतात.

एवढ्या मापांत सुटा गोंगाट जवळजवळ नाहीसा होतो. नाहीशी होत नाही ती चूक, जी सगळ्या मापांत एकाच दिशेने शिरलेली असते आणि वर्षागणिक चोरपावलांनी वाढत जाते. तिला ड्रिफ्ट म्हणतात. २ सेंमीचा गोंगाट परवडतो, वर्षाला अर्ध्या मिलिमीटरचा ड्रिफ्ट परवडत नाही. समुद्रपातळीच्या मापनातलं खरं कष्टाचं काम म्हणजे या ड्रिफ्टवर ठेवलेला पहारा, आणि मला वाटतं, या कामाबद्दल फार कमी लिहिलं जातं.

परतून आलेला सिग्नल

समुद्राला आदळून परत येणाऱ्या सिग्नलची ताकद वेळेप्रमाणे कशी बदलते त्या आलेखाला वेव्हफॉर्म म्हणतात. आधी सपाट गोंगाट, मग एकदम चढण, त्यानंतर हळू उतरती शेपटी. ही चढण अर्ध्यावर ज्या क्षणी पोचते, तो क्षण म्हणजे सरासरी समुद्रपृष्ठ. लाटा मोठ्या असतील तर शेंड्यांवरून सिग्नल आधी परततो आणि खोलगट भागांतून उशिरा, त्यामुळे चढण पसरते. म्हणून तिच्या उतारावरून लाटांची उंची कळते. एकूण ताकदीवरून पृष्ठभाग किती खडबडीत आहे ते कळतं आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. शेपटीचा उतार बिघडला तर अँटेना नेमकी खाली पाहत नाही अशी शंका घ्यायची. या आकाराला गणिती सूत्र बसवून आकडे काढण्याला रिट्रॅकिंग म्हणतात, आणि खुल्या समुद्रासाठी १९७७ साली मांडलेलं ब्राउनचं सूत्र अजूनही पाया आहे.

यात एक खोट आहे. लाटेचा खोलगट भाग सिग्नल चांगला परत पाठवतो, शेंडा तो विखुरतो. त्यामुळे रडारला समुद्र आहे त्याहून खाली दिसतो. ही चूक लाटांच्या उंचीच्या ३ ते ४ टक्के, म्हणजे २ मीटरच्या लाटांना ६ ते ८ सेंमी. तिची दुरुस्ती निव्वळ सिद्धांतातून पुरेशी अचूक निघत नाही. उपग्रहाच्या वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथल्या मापांतले फरक पाहून अनुभवाने ती बसवावी लागते. म्हणूनच एका रिट्रॅकरचं अंतर आणि दुसऱ्या रिट्रॅकरसाठी बसवलेली लाटांची दुरुस्ती एकत्र वापरू नये. उत्तर दिसायला बरोबर येतं, पण लाटांचा हंगाम बदलला की खोटी समुद्रपातळी वरखाली होऊ लागते.

२.३ मीटर हवा

रडारचा स्पंद निर्वात पोकळीतून जात नाही. कोरड्या हवेमुळे अंतर सुमारे २.३ मीटर जास्त दिसतं. ही सगळ्यांत मोठी दुरुस्ती, पण स्वभावाने सगळ्यांत गरीब. समुद्रपृष्ठावरचा हवेचा दाब कळला की १ हेक्टोपास्कलला (हे दाबाचं एकक) सुमारे २.३ मिमी या दराने ती निघते, आणि दाब हवामान मॉडेलमधून घेतात. त्याच दाबाचा दुसरा परिणाम मोठा: हवेचा भार १ हेक्टोपास्कलने वाढला की पाणी जवळजवळ १ सेंमी दबतं. दाबात चूक असेल तर या दोन्ही दुरुस्त्या एकाच दिशेने चुकतात आणि दर हेक्टोपास्कलला सव्वा सेंमीच्या जवळपास फटका बसतो. दक्षिण महासागरात दाब मोजणारी ठिकाणं विरळ आहेत, तिथे हे लक्षात ठेवावं. शिवाय, पाणी दबण्याच्या हिशोबात १०१३ हा ठरीव दाब धरायचा नाही. त्या त्या वेळचा सर्व महासागरांवरचा सरासरी दाब काढून त्यातला फरक घ्यायचा. नाहीतर दरवर्षी येणारी एक नकली लाट आलेखात घुसते.

आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची, दुरुस्ती १ ते २० सेंमी. सूर्यावरच्या हालचालींच्या ११ वर्षांच्या चक्राबरोबर ती बदलते, त्यामुळे दुर्लक्ष केलं तर दशकभराचा खोटा कल तयार होऊ शकतो. इथे उपाय सुंदर आहे. विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून १३.६ गिगाहर्ट्झ आणि ५.३ गिगाहर्ट्झ अशा दोन वारंवारता वापरतात. खालच्या वारंवारतेला साडेसहा पट विलंब होतो, आणि दोन अंतरांतल्या फरकावरून दुरुस्ती निघते. ती गोंगाटी असते, म्हणून वाटेवरच्या शंभरेक किलोमीटरवर गुळगुळीत करून मगच वापरावी. इस्रो आणि सीएनईएस ही फ्रेंच अवकाशसंस्था यांच्या सरल उपग्रहावरचं अल्टिका हे अल्टिमीटर फेब्रुवारी २०१३ मध्ये गेलं, ते ३५.७५ गिगाहर्ट्झवर चालतं. तिथे आयनांबराचा त्रास जवळजवळ सातपट कमी, त्यामुळे दुसरी वारंवारता लागलीच नाही. मोबदल्यात पाऊस आणि दाट ढग त्याला जास्त अडवतात.

आणि मग बाष्प. दमट हवेमुळे होणारा विलंब ध्रुवांकडे काही मिलिमीटर, विषुववृत्तावर ४० सेंमीपर्यंत. हा तासागणिक आणि मैलागणिक बदलतो, म्हणून उपग्रहावर अल्टिमीटरच्या शेजारीच खाली पाहणारा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर लावलेला असतो. जेसनवर तो १८.७, २३.८ आणि ३४ गिगाहर्ट्झवर समुद्राचं तेज-तापमान (खालून येणाऱ्या सूक्ष्मलहरींची तीव्रता, अंशांत मांडलेली) मोजत असे. मधली वारंवारता बाष्पाच्या २२.२ गिगाहर्ट्झच्या शोषणरेषेजवळची, खालची समुद्रपृष्ठाच्या खडबडीतपणासाठी, वरची ढगांतल्या पाण्यासाठी.

माझ्या मते समुद्रपातळीच्या आकड्यातला सर्वांत नाजूक दुवा हाच. अल्टिमीटर वेळ मोजतं, आणि घड्याळ जपता येतं. रेडिओमीटर तापमान मोजतो, आणि त्याच्या आतला संदर्भ हळूच सरकला तर वर्षाला १ मिमीची चूक सहज होते. विलंब स्थिर आहे असं गृहीत धरूनही चालत नाही. हवा १ अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे दमट विलंबात खरोखरीचा कल असतोच. यंत्राचा ड्रिफ्ट आणि हवामानाचा खरा कल दिसायला सारखेच. हवामान मॉडेलचं बाष्प वापरून सुटका होत नाही, कारण मॉडेलला मिळणारी निरीक्षणं वर्षानुवर्षं बदलत आलेली आहेत आणि प्रत्येक बदल कलात पायरी पाडतो. म्हणून पुढच्या पिढ्यांत उपाय केले गेले: जेसन-३ ला ठरावीक काळाने कलवून रेडिओमीटरला थंड अवकाश दाखवलं गेलं, आणि सेंटिनेल-६ वर तर रेडिओमीटरला स्वतःचीच वेगळी कॅलिब्रेशन व्यवस्था दिली, म्हणजे उपग्रह न हलवता संदर्भ तपासता येतो.

६६ अंश आणि दहा दिवस

टोपेक्स/पोसायडन १० ऑगस्ट १९९२ रोजी सुटला. नंतर जेसन-१ (डिसेंबर २००१), जेसन-२ (जून २००८), जेसन-३ (जानेवारी २०१६), सेंटिनेल-६ मायकेल फ्रायलिक (नोव्हेंबर २०२०) आणि सेंटिनेल-६बी (नोव्हेंबर २०२५). सगळ्यांची कक्षा एकच: १३३६ किमी, ६६ अंशांचा कल. इतर बरेच पृथ्वी-निरीक्षक उपग्रह सूर्यसमकालिक कक्षेत फिरतात, सौर पॅनेलना ते सोयीचं. पण तसा उपग्रह एका ठिकाणावर नेहमी त्याच स्थानिक सौर वेळेला येतो. सूर्यामुळे येणारी १२ तासांची भरती त्याला दर वेळी एकाच अवस्थेत सापडते, आणि तिच्या नकाशातली चूक कायमची समुद्रपातळीत मिसळून बसते.

दहा दिवसांच्या कक्षेत काय होतं ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. ९.९१५६ दिवस म्हणजे २३७.९७४ तास. चंद्राच्या मुख्य भरतीचा काळ १२.४२०६ तास. भागाकार १९.१५९७. म्हणजे दर फेरीला भरती ०.१५९७ चक्र पुढे गेलेली दिसते, आणि ९.९१५६ ला ०.१५९७ ने भागलं की ६२.१ दिवस. सूर्याच्या १२ तासांच्या भरतीला हाच हिशोब लावला तर ५८.७ दिवस येतात. भरतीच्या मॉडेलमधली उरलीसुरली चूक त्यामुळे दोन महिन्यांच्या तरंगासारखी दिसते आणि सरासरीत काढून टाकता येते. त्यातही एक अडचण उरते: कक्षेच्या प्रतलाशी सूर्याचा कोन बदलण्याचं चक्र सुमारे ११७ दिवसांचं, आणि त्याचं अर्धं पुन्हा ५९ दिवसांजवळ. उपग्रह तापण्या-निवण्यातून येणारी चूक आणि भरतीची चूक एकाच जागी येऊन बसतात, त्या सुट्या करणं अवघड.

उपग्रह नेमका किती उंचीवर आहे हे कळल्याशिवाय यातलं काहीच उपयोगाचं नाही. त्यासाठी तीन स्वतंत्र साधनं: जीपीएस, जमिनीवरच्या डोरिस रेडिओ-बीकनचं जाळं, आणि जमिनीवरून उपग्रहावरच्या आरशांवर मारलेला लेझर. उंचीतली चूक आता १ ते २ सेंमीच्या आत असते. ही चूकही गोंगाटासारखी असेल तर चालते. मात्र कक्षेचा हिशोब ज्या भूकेंद्राला धरून होतो तोच उत्तर-दक्षिण सरकला, तर एका गोलार्धात समुद्र चढतोय आणि दुसऱ्यात उतरतोय असं दिसतं. दक्षिणेत पाणी जास्त असल्याने जागतिक सरासरीतही त्याचा अंश शिल्लक राहतो. संदर्भचौकटीची (पृथ्वीवरच्या जागा ज्या केंद्र-अक्षांना धरून सांगतात तिची) नवी आवृत्ती आली की सगळ्या जुन्या उपग्रहांच्या कक्षा पहिल्यापासून नव्याने काढतात, ते याचसाठी.

टोपेक्सची तीन दुखणी

ड्रिफ्ट प्रत्यक्षात कसा फसवतो हे पहिल्याच उपग्रहाने तीनदा दाखवलं. पहिल्यांदा १९९६ मध्ये: घड्याळाचं काम करणाऱ्या ऑसिलेटरची वारंवारता हळूहळू बदलते, तिची दुरुस्ती करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच चूक निघाली. ती सुधारल्यावर तोवर काढलेला वाढीचा वेग बराच खाली आला. दुसऱ्यांदा रेडिओमीटर: १८ गिगाहर्ट्झची वाहिनी सरकत होती, तिच्यामुळे वर्षाला सुमारे १ मिमीचा खोटा कल आला. हे उपग्रहाच्या स्वतःच्या आकड्यांतून कळलं नाही, किनाऱ्यावरच्या भरतीमापकांशी तुलना केल्यावर कळलं.

तिसरं दुखणं सगळ्यांत जास्त काळ लपून राहिलं. पहिल्या अल्टिमीटरचं इलेक्ट्रॉनिक्स झिजत गेलं, त्याचा सिग्नल पसरट झाला, लाटांची उंची कारण नसताना वाढलेली दिसू लागली, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये राखीव अल्टिमीटर चालू करावा लागला. झीज लक्षात आली होती, पण पहिल्या सहा वर्षांच्या पातळीत तिने वर्षाला दीड मिमीच्या आसपास भर घातली होती हे पुढे कित्येक वर्षांनी स्पष्ट झालं. परिणाम गंभीर होता. सुरुवातीचा वेग फुगलेला असल्यामुळे पुढची वाढ सरळ रेषेत चालल्यासारखी दिसत होती. त्यात जून १९९१ मधल्या फिलिपीन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्र थोडा थंड होऊन पातळी उतरली होती, आणि ती सावरण्याचा काळ नेमका नोंदीच्या आरंभी आला. या गोष्टी आणि एल निनोचा वाटा बाजूला केल्यावर २०१८ मध्ये प्रवेग स्वच्छ दिसला: दर वर्षी वेगात ०.०८४ मिमीची भर. प्रवेग आधीपासून होताच, यंत्राच्या झिजेने तो झाकला होता.

यंत्र बदललं की पायरी पडते, हा आणखी एक धोका. कारखान्यात कितीही तपासणी केली तरी दोन अल्टिमीटर कक्षेत सारखी उंची देत नाहीत. जुळ्यासारख्या यंत्रांतही काही सेंमीचा स्थिर फरक निघालेला आहे. म्हणून नवा उपग्रह जुन्याच्याच वाटेवर, अगदी मागेपुढे चालवतात. जेसन-१ आणि टोपेक्समध्ये एका मिनिटाहून थोडं जास्त अंतर होतं, सेंटिनेल-६ आणि जेसन-३ मध्ये ३० सेकंदांचं. तेवढ्यात समुद्र बदलत नाही, बाष्प फारसं बदलत नाही, भरती तीच असते. दोघांतला फरक म्हणजे निखळ यंत्रांचा फरक. सहा महिने ते वर्षभर असं चाललं की तो मिलिमीटरच्या आत कळतो. वर्षभर चालवणं जास्त चांगलं, कारण लाटांचे सगळे हंगाम त्यात येतात. नवा उपग्रह पोचण्याआधी जुना बंद पडला असता तर ही साखळी तुटली असती, आणि तो जोड मग भरतीमापकांच्या आधाराने कितीतरी ढिला बसला असता.

भरतीमापकांचं काम वेगळं. एकटा मापक फार उपयोगी नाही: तो बंदरात असतो, उपग्रहाची वाट दूरवरून जाते, आणि त्याच्याखालची जमीन स्वतःच वर-खाली होत असते. पण जगभरचे साठएक निवडक मापक, बहुतेक बेटांवरचे, घेऊन प्रत्येक चक्रात उपग्रह वजा मापक असा फरक काढला आणि त्यांची सरासरी घेतली, की वर्षाला ०.४ मिमीच्या आसपासचा ड्रिफ्ट काही वर्षांत उघडा पडतो. मापकाशेजारी जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा सांगणारा) ग्राहक असेल तर जमिनीची हालचाल वजा करता येते. याशिवाय थेट वाटेखालची ठिकाणं आहेत: कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडचा हार्वेस्ट हा तेलउपशाचा मंच, कॉर्सिकातलं सेनेतोसा, ऑस्ट्रेलियाजवळची बास सामुद्रधुनी, क्रीटजवळचं गावदोस. क्रीटवर तर एक ट्रान्सपॉण्डर आहे. तो स्पंद पकडून परत उपग्रहाकडे पाठवतो. मध्ये लाटा नाहीत, रिट्रॅकिंग नाही, नुसतं अंतर तपासलं जातं.

स्वतः हिशोब करायचा असेल तर

ही सगळी माहिती मोफत मिळते, आणि साध्या संगणकावर पायथनमध्ये जागतिक सरासरीचा आलेख काढता येतो. तीन तासांत किंवा दीड-दोन दिवसांत येणाऱ्या आवृत्त्या कलासाठी वापरू नका, त्यांतली कक्षा आणि कॅलिब्रेशन तात्पुरतं असतं. सुमारे ६० दिवसांनी येणारी अंतिम आवृत्ती घ्या, आणि सगळे उपग्रह शक्यतो एकाच प्रक्रियामानकाचे घ्या.

मूळ सूत्र एका ओळीचं: उपग्रहाची उंची वजा दुरुस्त केलेलं अंतर म्हणजे समुद्रपृष्ठाची उंची. त्यातून सरासरी समुद्रपृष्ठ, भरती (समुद्राची, घन पृथ्वीची, ध्रुवचलनाची) आणि दाब-वाऱ्याचा परिणाम वजा केला की विचलन मिळतं. चुका बहुतेक चिन्हांत होतात. फाइलमध्ये हवेच्या दुरुस्त्या ऋण आकड्यांत दिलेल्या असतात आणि त्या अंतरात मिळवायच्या असतात. त्या चुकून वजा केल्या तर समुद्र साडेचार-पाच मीटरने खाली जातो, त्यामुळे ही चूक लगेच कळते. भरतीच्या बाबतीत चिन्ह चुकलं तर जागतिक सरासरी जवळपास तशीच राहते आणि फक्त पसारा वाढतो, ती शोधायला वेळ लागतो. दाबाची साधी दुरुस्ती आणि वाऱ्यासकटची गतिक दुरुस्ती या दोन्ही फाइलमध्ये असतात. गतिकमध्ये साधी आधीच धरलेली असते, म्हणून दोन्ही लावल्या तर दाब दोनदा मोजला जातो.

दीर्घवृत्ताभाचा, म्हणजे उंची ज्याच्यापासून मोजतात त्या पृथ्वीच्या चपट्या-गोल गणिती आकाराचा, घोळही नेहमीचा. टोपेक्स-जेसनचे पारंपरिक आकडे टोपेक्स दीर्घवृत्ताभावर (विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३६३ किमी) आहेत, सेंटिनेल-६ चे डब्ल्यूजीएस-८४ वर. दोघांत सुमारे ७० सेंमीचा फरक. तुमच्या विचलनात अचानक ७० सेंमी दिसले तर समुद्राकडे पाहू नका, सरासरी समुद्रपृष्ठाची फाइल कोणत्या दीर्घवृत्ताभावर आहे ते पाहा.

मग चाळणी. एका सेकंदाच्या मापात २० हर्ट्झची (सेकंदाला वीस या दराने घेतलेली) निदान १० मापं हवीत आणि त्यांचा पसारा २० सेंमीच्या आत हवा. लाटांची उंची ० ते ११ मीटर, परतीच्या सिग्नलची ताकद ७ ते ३० डेसिबल, कोरडी दुरुस्ती −२.५ ते −१.९ मीटर, दमट दुरुस्ती −०.५ ते −०.००१ मीटर, आयनांबराची −०.४ ते +०.०४ मीटर, लाटांची −०.५ ते ० मीटर, आणि शेवटचं विचलन ±२ मीटरच्या आत. आयनांबराला थोडी धन बाजूची मुभा का? ती दोन गोंगाटी अंतरांच्या फरकातून येते म्हणून. तिथे शून्यावर कापलं तर फक्त एका बाजूचा गोंगाट उडतो आणि सरासरी ढळते. जमीन, बर्फ आणि पाऊस यांचे झेंडे (फाइलमधल्या इशाऱ्याच्या खुणा) तपासायचेच. सपाट, आरशासारख्या शांत पाण्यावरही सिग्नल बिघडतो. परतीची ताकद खूप वाढलेली दिसली तर ते माप टाकून द्यावं.

सरासरी काढताना नुसती बेरीज-भागाकार करू नका. उपग्रहाच्या वाटा विषुववृत्तावर ३१५ किमी अंतराने असतात आणि ६६ अंशांजवळ दाटतात. वजन दिलं नाही तर दक्षिण महासागराचा आवाज सगळ्यांहून मोठा होतो. सोपा मार्ग म्हणजे १ अंश अक्षांश आणि ३ अंश रेखांशाचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनाची सरासरी घ्यायची, आणि चौकोनांना अक्षांशाच्या कोसाइनचं वजन द्यायचं. १ बाय १ चे चौकोन घेतले तर विषुववृत्ताजवळचे बरेच रिकामे राहतात आणि कोणते रिकामे राहतील हे चाळणीवर अवलंबून राहतं. दर चक्राला एक आकडा मिळाला की उपग्रहांमधले स्थिर फरक जोडीच्या काळातून काढून सगळे तुकडे जोडायचे, वार्षिक, अर्धवार्षिक आणि ५९ दिवसांचा तरंग एकत्र बसवून वजा करायचा, आणि मग कल काढायचा. शेवटी ०.३ मिमी प्रतिवर्ष मिळवायचे: हिमयुगातल्या बर्फाचा भार उतरल्याने पृथ्वी अजून आकार बदलते आहे आणि समुद्रतळ सरासरीने खचतो आहे, त्यामुळे पाण्याचं आकारमान वाढूनही पृष्ठभाग तेवढा चढत नाही. किनाऱ्यावर पाणी किती चढेल हे हवं असेल तर मात्र हे ०.३ मिळवू नका.

कलाची अनिश्चितता काढायला साधं रिग्रेशन जी प्रमाणचूक देतं ती फसवी असते. ते मापं एकमेकांपासून स्वतंत्र धरतं, आणि इथे चुका वर्षानुवर्षं एकमेकींना धरून चालतात. रेडिओमीटर, कक्षा, जोड आणि भूकेंद्र यांच्या चुका सहप्रसरणात (चुका एकमेकींबरोबर किती बदलतात त्या हिशोबात) घातल्या की पूर्ण काळासाठी साधारण ±०.३ मिमी प्रतिवर्ष एवढी प्रामाणिक अनिश्चितता येते.

किनाऱ्याजवळ

लोक राहतात किनाऱ्यावर, आणि अल्टिमीटर नेमकं तिथेच अडखळतं. रडारच्या काही किलोमीटरच्या टप्प्यात जमीन आली की वेव्हफॉर्म विद्रूप होतो. रेडिओमीटरचा टप्पा २०-३० किमीचा, म्हणून तो त्याहून आधीच बिघडतो: जमीन पाण्यापेक्षा फार तेजस्वी दिसते आणि बाष्प खोटं वाढतं. सेंटिनेल-६ चं अल्टिमीटर डॉप्लर तंत्राने वाटेच्या दिशेने सुमारे ३०० मीटरचे पट्टे पाडतं, त्यामुळे वाट किनाऱ्याला काटकोनात छेदत असेल तर बराच फायदा होतो. समांतर जात असेल तर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेल्या स्वॉट उपग्रहावर १० मीटरच्या दांड्याच्या दोन टोकांना दोन अँटेना आहेत आणि तो १२० किमी रुंदीचा पट्टा एकदम पाहतो. पण त्याचं चक्र २१ दिवसांचं आहे, आणि जागतिक कलाचा कणा अजूनही दहा दिवसांच्या कक्षेतली ती जुनी साखळीच आहे.

बेरीज जुळते का

आलेख हाती आला की त्यातली प्रत्येक उंचसखल जागा यंत्राची चूक समजू नये. २०१०-११ मध्ये जागतिक पातळी सुमारे ५ मिमीने उतरली. ला निनाच्या पावसाने इतकं पाणी ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेसारख्या जमिनींवर नेऊन टाकलं की समुद्र तेवढा रिता झाला. १ मिमी म्हणजे सुमारे ३६० अब्ज टन पाणी, यावरून त्या पावसाचा अंदाज येईल. म्हणूनच चार-पाच वर्षांच्या तुकड्यावरून वेग वाढला किंवा घटला असं म्हणू नये.

खरी परीक्षा दोन परक्या साधनांशी मेळ घालण्यात आहे. ग्रेस (२००२) आणि ग्रेस-एफओ (२०१८) हे उपग्रह गुरुत्वाकर्षणावरून समुद्रात किती वस्तुमान आलं ते मोजतात. सुमारे ४००० आर्गो तरंडे दर दहा दिवसांनी २००० मीटर खोलीपर्यंतचं तापमान आणि खारटपणा मोजतात, त्यावरून पाणी तापून किती फुगलं ते कळतं. दोघांची बेरीज अल्टिमीटरच्या आकड्याएवढी यायला हवी. २००५ पासून जवळपास २०१६ पर्यंत ती छान जुळते. नंतर फट पडली, आणि शोध घेतल्यावर कारणं दोन्ही बाजूंना सापडली: आर्गोच्या काही तरंड्यांवरचे क्षारता संवेदक सरकत होते, आणि जेसन-३ च्या रेडिओमीटरमधल्या दमट दुरुस्तीतही ड्रिफ्ट होता.

हा मेळ स्वतः घालून पाहणार असाल तर आर्गोचा खारटपणाचा हिस्सा जागतिक सरासरीतून पूर्ण वगळा. महासागरातलं मीठ जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे खारटपणातल्या बदलाने जागतिक आकारमान जवळपास बदलत नाही. तिथे कल दिसला तर तो संवेदकाचा. २००० मीटरखालच्या पाण्यासाठी वर्षाला सुमारे ०.१ मिमी वेगळे धरा. आणि २०१७च्या मध्यापासून २०१८च्या मध्यापर्यंत दोन ग्रेसच्या मधली जी रिकामी जागा आहे ती सरळ रेषेने भरू नका. त्या महिन्यांची तुलना सोडून द्या, आणि तिच्या अलीकडचा व पलीकडचा फरक वेगवेगळा काढा.